पुढच्या चाकांवरचे डा आणि उ

मिल्टन कीन्स, शनिवार संध्याकाळ

पुस्तक उघडून बसले, पण पान काही उलटेना. डोक्यात पुढची चाकंच.

हे गेल्यापासून त्यांची रिमोटवरची छोटी रेसची गाडी, बग्गी, रेसिंग क्लबात मी चालवते. गेल्या रविवारी ती एकाही वळणावर वळेना, सरळ ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर आपटायची. क्लबातल्या डेव्हने पुढच्या टायरवर अंगठा फिरवला. "सुनीता, काटे झिजून टक्कल पडलंय लव्ह. माझ्यासारखं." तो सगळ्यांनाच लव्ह म्हणतो. नव्या रिम आणि बारीक काट्यांचे टायर त्यानेच निवडून दिले. ट्रॅकच्या ॲस्ट्रोटर्फवर, त्या नकली गवतावर, हेच पकड धरतात म्हणे.

पण जुने टायर ह्यांनी स्वतः ग्लू लावून बसवलेले. बाजूला पांढऱ्या पेनने डा आणि उ, डावं आणि उजवं. मराठीत लिहिलं की क्लबात कुणी चुकून उचलत नाही, म्हणायचे. ते कसे काढू?

एडिनबराहून मीराचा फोन आला. "आई, बाबा दर सीझनला टायर बदलायचे. तू म्युझियम काय करतेस त्याचं?"

"तुला नाही कळायचं."

"कळतं. त्यांना हरायला आवडायचं नाही."

राग आला. पोरगी खरं बोलली म्हणूनच, दुसरं काय.

शेवटी बसवले नवे. बोटांना अजून ग्लू आहे. त्यांच्याच पेनने डा लिहिला, उ लिहिला. माझा डा गुबगुबीत आलाय, त्यांचा कसा ताठ असायचा. जुनी चाकं पुस्तकांच्या फळीवर ठेवली.

उद्याच्या रेसमध्ये पहिलंच वळण डावीकडे आहे. गाडी वळायला हवी. वळली तर मला रडू येणार, हे आत्ताच लिहून ठेवते.