आभाला हवी असलेली सही

४ फेब्रुवारी

कॉन्व्हेंट शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हा दोघींत एकच सूक्ष्मदर्शक होता. कांद्याचा पापुद्रा मी सोलायचे, काचेवर मी पसरायचे, आणि आधी डोळा लावायची आभा. "थांब गं आशा, दिसतंय मला." मी थांबायचे. शाबासकी सिस्टर तिलाच द्यायच्या.

आज ती पनवेलला आमच्या घरी आली. पस्तीस वर्षं कॅन्सरवर संशोधन करतेय. केस काय सुंदर कापलेत! माझे किमोनंतर अजून बोटभरही आले नाहीत.

५ फेब्रुवारी

ती का आली, ते काल लिहायचं टाळलं. तिला माझी गाठ हवी आहे. म्हणजे ऑपरेशननंतर हॉस्पिटलनं मेणात जपून ठेवलेला तुकडा. त्यासाठी माझी सही लागते.

आमच्या पुस्तकात आरएनए म्हणजे निरोप्या — प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा. आभा म्हणाली, "सगळे तसे नसतात गं. काही प्रथिन बनवतच नाहीत, पण कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, यात लुडबुड करतात. आम्ही कचरा समजायचो त्यांना." त्यांतला एखादा बिघडला की गाठ फोफावते, कधी औषधालाही जुमानत नाही. तो दाबता आला तर — तिचं सगळं काम त्या 'तर'वर. "तुला उपयोग होईल असं खोटं नाही सांगणार," म्हणाली.

अविनाश गालावर हात ठेवून ऐकत होते. लग्नानंतर माझी एमएस्सी सुटली तेव्हा यांनी माझं इतकं ऐकलं नव्हतं. "आभा, घ्या ना अजून एक घावन." घावनं मी केली होती.

९ फेब्रुवारी

सही केली नाही.

१६ फेब्रुवारी

आभाचा फोन. माझ्या तोंडून गेलंच — "तुला सगळं माझ्याच हातून हवं असतं." ती म्हणाली, "बारावीला तुला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त होते. मी अजून विसरले नाही."

मग तीही जळत होती तर. दिवसभर बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

२१ फेब्रुवारी

स्कॅनचा रिपोर्ट आला. यकृतात डाग आहेत. डॉक्टर आमच्या देवेशशीच बोलत होते, जणू आई खुर्चीत नव्हतीच.

घरी येऊन सही केली. नाहीतर आभा दुसऱ्याच कुणाची गाठ घेऊन बसेल. तेही सहन होईना.

२२ फेब्रुवारी

मोत्यांच्या कुड्या सुनेला, रेवाला. शिलाई मशीन कामाला येणाऱ्या सखूबाईंना, तेल घालून. गाठ आभाला, फॉर्म देवेशनं स्वतः नेऊन द्यावा.

अविनाश कुणालाही द्यायचे नाहीत.