काळीच्या वाट्याचं बाळ

३ तारीख, सोमवार

आक्का, तुझा मोडलेला पाय कसा आहे? भाऊजींचा खोकला उतरला का? धाकटीचं डोकं अजून दुखतं? तिघांचं कुशल कळेपर्यंत घास गोड लागायचा नाही. तुझ्याऐवजी तुझ्या लेकीच्या मदतीला मी आले, पण कौतुक तुझ्याइतकंच झालं. रोज चार ओळी लिहीन, मग पानं एकदमच पाठवीन.

बाळ म्हणजे लोण्याचा गोळा! घराला लागूनच जावईबापूंची लाकडाची वखार. राखणीला काळी नावाची कुत्री, वासराएवढी. आल्या आल्या बजावलं, काळीला नि बाळाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. सुताराकडून बाळाच्या खोलीला कमरेएवढं फाटक लावून घेतलं. जावईबापूंनी विचारलं, मावशी, कुत्र्याला भिता की जावयाला? म्हटलं, कुत्र्याला, जावयाचे दात मोजून झालेत.

५ तारीख, बुधवार

नव्या बाळाची ओळख कुत्र्याला आधी वासाने करून द्यावी. म्हणून बाळाचं वापरलेलं दुपटं काळीपुढे धरलं. तिने हुंगलं, अलगद दातांत धरलं आणि फळ्यांच्या ढिगामागे नेलं. मला वाटलं, चला, सूत जुळलं.

७ तारीख, शुक्रवार

वखारीतल्या करवतवाल्याने आज सांगितलं. काळी नुकतीच व्याली होती. पिल्लांपायी राखणीत तिचं लक्ष नाही म्हणून जावईबापूंनी तिला साखळीला बांधलं आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक पिल्लू हौदात बुडवलं. ती व्याली त्या ढिगामागेच. दुपटं तिथेच पसरलंय. तिचं दूध अजून आटलेलं नाही.

आक्का, मुक्या जिवाचा तळतळाट वाया जात नाही. जावयाला वाढताना माझाच हात आखडला.

८ तारीख, शनिवार

जावईबापू आले की काळी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघते. मी म्हटलं, हिला दुसरीकडे पाठवा. ते म्हणाले, कुत्र्याची जात, चार दिवसांत सगळं विसरते. विसरतो तो मारणारा. मार खाल्लेला नाही.

१० तारीख, सोमवार

फाटक उघडं राहिलं. जावईबापू म्हणे, येताजाता कडी कोण काढणार! लेक न्हाणीघरात, मी शेगडीपाशी. पाळणा रिकामा —

बाळ ढिगामागे सापडलं. दुपट्यावर, काळीच्या पोटाशी. अंगावर ओरखडा नाही. ओठांना दूध.

आईने हात पुढे केला तर काळीने दात दाखवले. मला उचलू दिलं — दुपटं मीच दिलं होतं ना. कोपराला नाक लावून मागोमाग आली. खोलीत शिरून दार लोटलं, तोवर तीही आत.

दुपार

ती दाराशी आडवी. मी उठले की गुरगुरते. नुसता हात हललेला चालतो, म्हणून लिहितेय. बाहेर लेक रडतेय —

जावईबापू आले. म्हणतायत, मावशी, बाजूला व्हा, पहार आणलीय. मी ओरडले, तुम्ही सोडून कुणीही या, तुम्ही नको —

परक्यावर भुंकते ती. यांच्यावर भुंकत नाही. शेपूटसुद्धा —

बाळ हसतंय तिच्याकडे बघून.

आक्का, कळलं मला. तिला नुसतं बाळ नको होतं. बाळामागून येणारे हे हात —

दार हललं. बाळाला घेऊन मी पलंगामागे — वाचलो तर तुझ्याकडेच आणते. लेकीला काही विचारू नकोस, मलाच लवकर लिही, बाळाला तिथे —

ती उठ