ओचायाच्या नावाचं माफीपत्र

पाजुले, ३ जुलै २०१२

चि. ओजारा यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळाची पेरणी झाली. तुझी भाची वर्गात पहिली आली. पाण्याला जायच्या वेळी मात्र सापडत नाही.

शेजारच्या ओचायाची आई हरखून गेली आहे. बंडखोरांनी तुम्हा दोघांना एकाच दिवशी पळवलं होतं ना? बंड सोडून परत आलेल्या ज्यांना सरकारने माफी दिली, त्यांच्या यादीत ओचायाचं नाव चर्चमधल्या मास्तरांनी पाहिलं. तेव्हापासून म्हातारी त्याची झोपडी सारवते आहे आणि तुला काही ठाऊक आहे का, म्हणून रोज विचारते. तूही माफी मिळून दोन वर्षं जिंजात का बसून आहेस? बायको लपवली असशील तर तिलाही आण. माया पातळ करू नकोस.

तुझी ताई, लामुनू

जिंजा, १५ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बायको नाही, लपवलंय ते वेगळंच. यादीतला ओचाया मीच. माफी घेताना माझं नाव सांगितलं तर बंडात केलेल्याचा सूड घ्यायला लोक तुमच्या दारात येतील, या भीतीने त्याचं सांगितलं. तो परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पळवल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजले, चालवेना. कमांडरने काठी माझ्या हातात दिली. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, ते आम्ही आदल्या दिवशी पाहिलं होतं. मी बारा वर्षांचा होतो.

हे पत्र ओचायाच्या आईला वाचून दाखव. मला अजून भाऊ म्हणवलं तर म्हण.

ओजारा

पाजुले, २ ऑगस्ट

चि. ओजारा यास आशीर्वाद.

भाऊ म्हणवलं तर म्हण, असलं पुन्हा लिहिलंस तर कान पिळायला जिंजाला येईन. दोन दिवस रडले. लपवावं असंच आधी वाटलं. मास्तरांना आडून विचारलं, तर माफीचा कायदा मे महिन्यातच संपलाय. नवं माफीपत्र कुणालाच मिळत नाही. खरं नाव सांगितलंस तर खटला होऊ शकतो.

पण तिचं सारवणं बघवेना. वाचून दाखवलं. मग तिने एवढंच विचारलं, की सरकारने माझ्या मुलाला माफ केलं ते कशाबद्दल, त्याने कुणाचं काय केलं होतं? त्याचं नाव परत दे म्हणते. मला तू तुरुंगात नको आहेस रे. पण तिला उत्तर काय देऊ? जेवत जा.

तुझी ताई

जिंजा, २२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

काल माफीच्या कचेरीत जाऊन माफीपत्र परत केलं आणि माझं नाव सांगितलं. साहेब म्हणाले की आता चौकशी होईल, गाव सोडून कुठे जायचं नाही. कुठलं गाव, असं त्यांनी विचारलं. मी पाजुले लिहून दिलं. पुढच्या शुक्रवारच्या बसने येतोय.

निघण्याआधी त्यांना एक ओळ लिहायला लावली आणि दोनदा वाचून घेतली. ओचायाने कुणालाही मारलं नव्हतं, त्याला माफीची गरज नव्हती. त्याच्या आईला एवढं पत्र मिळताच सांग. बाकीचं मी समोर येऊन सांगेन.

तुझा भाऊ, ओजारा