बाबांच्या खिडकीतला वाटाणा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (वयानं आणि अकलेनंही) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून घरादाराला जागं ठेवतो? इकडे सगळं ठीक, म्हणजे बाबा अंथरुणाला खिळलेत आणि मी तोंडघशी पडलोय.

तू बजावलं होतंस, की वाटाणा मुळांवरच्या गाठींतून आपलं नत्र आपणच कमावतो. बियाण्याला जिवाणू चोळ, थोडं स्फुरदाचं खत दे आणि हात आवर. पण ऐकेन तर तुझा भाऊ कसला! खतवाल्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. (माणूस चहा पाजतो, आणि त्या चहाचे पैसे पोत्यात लावतो.) यंदा वाटाणा बियाण्यासाठी लावलेला, कंपनी भाव चांगला देते, म्हटलं होऊ दे खर्च, आणि युरिया ओतला. वाटाणा असा माजला म्हणतेस! वेल कमरेएवढे, फुलं उशिरा, मग बहुतेक सगळं आडवं झालं आणि शेंगा खालच्या खाली कुजल्या. हाती लागलं ते बियाणं कंपनीच्या साहेबांनी ओल्या गोणपाटात घालून पाहिलं. निम्मंसुद्धा उगवेना. त्यांनी मला सरळ वाटाण्याच्या अक्षता लावल्या. (तेवढ्यापुरता तरी वाटाणा कामी आला.) खताचा खर्च वजा जाता नफा औषधालाही उरला नाही.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. बाबांची खाट खिडकीशी आहे. डॉक्टरांनी आता औषधं कमी केलीत, त्याचा अर्थ तुला सांगायला नको. खिडकीसमोरचा तुकडा तेवढा अजून उभा आणि हिरवागार आहे, पिकायचं नाव घेत नाही. बाबा रोज म्हणतात, असा वाटाणा मी जन्मात पिकवला नाही. आणि मी निर्लज्जासारखा हसून मान डोलावतो.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांना यंदाचं बियाणं मुठीत धरून बघायचंय. तुझ्या शेतातल्या वाटाण्याचा दाणा टपोरा आहे. पिशवीभर पाठव, माझा म्हणून दाखवीन. भावोजींना सांगू नकोस, ते हसतील.

आणखी एक ता. क. बियाणं पाठवू नकोस. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बाबांनी एक वेल मुळासकट उपटून आणायला लावला. मुळं बोटांनी चाचपली. एकही गाठ नव्हती; युरिया आयता मिळाल्यावर धरेल कशाला? म्हणाले, "मला पानं बघूनच कळलं होतं रे. पण तू रोज इतका खुशीत दिसायचास, म्हटलं, कशाला विरस करू?" ताई, तू नुसती ये. लवकर ये.