ह्यांचं नारळ सोलायचं पेटंट

अंबत्तूर, चेन्नई
गुरुवार

तीर्थस्वरूप माधवदादास,

शैलाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच होतो, उरलेला मनात धरावा). मिरजेत सगळी खुशाल असाल. वहिनीची पाठ कशी आहे? ह्यांनी तिच्यासाठी पाठ रगडायचं जे यंत्र पाठवलं होतं ते तिने अजून वापरलं नसेल तर वापरू नये, आणि वापरलं असेल तर मला क्षमा करावी. आम्ही बरे आहोत. घरात चार दिवस तिन्ही त्रिकाळ नारळाच्या वड्या चालल्या आहेत, त्याचं कारण पुढे येईल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण घर दोन खोल्यांचं. इथे फोनवर कुजबुजलं तरी ह्यांना ऐकू जातं.

तर दादा, तुझ्या मेहुण्यांचा तिसरा पराक्रम सांगायचा आहे. पहिले दोन तुला ठाऊक आहेत, तरी माझा राग निवावा म्हणून पुन्हा सांगते. कारखान्यात होते (संरक्षण खात्याच्या, तिथे ह्यांना कोणी काही शोधू दिलं नाही, म्हणून देश सुरक्षित राहिला) तोवर बरं होतं. निवृत्त झाले आणि मागच्या पडवीत कारखाना थाटला. पहिलं पेटंट शेवग्याच्या शेंगा तोडायच्या घडीच्या काठीचं. ती शेंगेला हात लावत नाही, शेजारच्या सीतालक्ष्मीमामींची वाळत घातलेली साडी मात्र अलगद उतरवून आणते. दुसरं पाकिटं चिकटवायच्या यंत्राचं. सात वर्षं खपले, आणि पेटंट हातात पडेपर्यंत जगाने पत्रं लिहायचं सोडून दिलं. शिवाय ते चिकटवत नाहीच, नुसतं ओलं करतं. दोन्ही कागद चौकटीत घालून देवघराच्या वर लावलेत, म्हणजे रोज मी हात जोडते ते देवाला की पेटंटाला, देवच जाणे. डोंबलाचं पेटंट! ऋचाला सिरुसेरीच्या ऑफिसात फोन करून रडावं, तर बाबांचं यंत्र म्हटल्याबरोबर तिची मीटिंग सुरू होते.

आता तिसरं. सोडणासकट नारळ आत टाकायचा, सोललेला बाहेर यायचा. आत शर्टाच्या बटणाएवढी एक काळी काच आहे, तिला हे ‘डोळा’ म्हणतात. डोळा नारळ बघतो, मग त्याच्या मापाने पाती उघडतात. (बत्तीस वर्षांत ह्यांच्या डोळ्याला माझी नवी साडी दिसली नाही, पण नारळ दिसतो.) चार वर्षं पडवीत काथ्याचा नुसता उकिरडा. पण ह्या वेळी खरंच एक गिऱ्हाईक लागलं होतं. रेडहिल्सकडे नारायणस्वामी म्हणून एकांची तेलाची गिरणी आहे. त्यांनी सांगितलं, विजयादशमीला सकाळी येतो, चांगला दिवस आहे, चाललं तर दहा यंत्रं करा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे हत्यारावर हळदकुंकवाचं बोट ओढून आपण मोकळे होतो. इथे आयुधपूजा म्हणजे बस, रिक्षा, शिलाई मशीन, लॅपटॉप, सगळं गंधाने लिंपून काढतात. मामी (त्यांची माणसं तीन शतकांपूर्वी तंजावरला आली, त्यामुळे आपलीच मराठी त्या अशी बोलतात की मला उगाच उठून उभं राहावंसं वाटतं) येऊन बजावून गेल्या की एकदा पुजलं की उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून मी यंत्र पुजलं. चांगलं घसघशीत पुजलं. वाटीभर चंदन, वर कुंकू, फुलवाल्या अलमेलूकडून चार मुळं (म्हणजे चार हात) शेवंतीची माळ. हे संध्याकाळी म्हणाले, एकदा चालवून बघतो. मी म्हटलं, हात लावाल तर बघा! जन्मात माझं ऐकलं नाही, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं. सकाळी गंध पुसू का म्हणाले, तेही मी पुसू दिलं नाही. नारायणस्वामी भाविक माणूस, त्यांना काय वाटेल?

दादा, काय सांगू! पहिला नारळ आत गेला आणि यंत्र नुसतं कण्हत बसलं. दुसरा जसा गेला तसा सोडणासकट उडाला, पायऱ्या उतरला, फाटकातून रस्त्यावर गेला आणि एका पाण्याच्या लॉरीखाली फुटला. अलमेलूने टोपली खाली ठेवून नमस्कार केला, तिला वाटलं दृष्ट काढली. नारायणस्वामींनी शांतपणे कॉफी घेतली, ‘पार्कलाम’ म्हणाले आणि गेले. पार्कलाम म्हणजे ‘बघू’, आणि चेन्नईत बघू म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

त्या दिवसापासून ह्यांनी पडवीला कुलूप लावलं आहे. मूळ कल्पनाच चुकली म्हणतात. भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला! आता घरात तेलाचे हात नाहीत, ठोकाठोक नाही. दिवसभर खुर्चीत बसून असतात. नखं इतकी स्वच्छ झाली आहेत की माझ्याने बघवत नाहीत. तू थोरला आहेस, तुझं ऐकतात. तेव्हा चार ओळी लिही, की विद्याधरराव, झालं तेवढं पुरे, आता यंत्राचा नाद सोडा.

वहिनीला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी
शैला

ता. क. वरचं लिहू नकोस. सोमवारी हे पेन्शनसाठी बँकेत गेले, तेव्हा मी सुकलेली शेवंती काढायला म्हणून पडवी उघडली. आत हात घातला तर त्या काळ्या काचेवर बोटभर जाड चंदन, वर कुंकवाचा टिळा. मीच लावला होता, आंधळं केलं मेल्याला. पदराने पुसलं, नारळ टाकला, बटण दाबलं. बारा सेकंदांत सोलून बाहेर, शेंडीसकट! विश्वास बसेना म्हणून आणखी अकरा सोलले. वड्या त्यांच्याच. हे खाताहेत, पण इतके नारळ कुणी सोलले म्हणून विचारतसुद्धा नाहीत.

ता. क. २. हे बँकेतून यायच्या आत नारायणस्वामींना मी फोन केला, माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये. शनिवारी सकाळी पुन्हा येणार आहेत. पण इतकी वर्षं ज्या यंत्रांना नावं ठेवली, त्यातलं एक खरंच चालतं आणि ते मीच बिघडवलं, हे ह्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

ता. क. ३. हे पत्र तुला पोचायला आठवडा लागेल आणि भंगारवाला रविवारी येणार, एवढं मला कळतं. पाकीट ह्यांच्याच यंत्रावर चिकटवते आहे आणि पोस्टात टाकायला ह्यांच्याच हातात देणार आहे. दुसऱ्याचं पत्र वाचायची ह्यांना सवय नाही. पण उघडं पाकीट दिसलं की आपलं यंत्र कुठे चुकलं ते बघितल्याशिवाय ह्यांच्याने राहवायचं नाही, म्हणून ता. क. चं पानच घडीत वर ठेवते आहे. आणि हे तुला नीट चिकटलेलं मिळालं, तर दादा, समज की ते मेलं पाकिटाचं यंत्र आयुष्यात पहिल्यांदा चाललं, आणि तेही नेमकं नको तेव्हा.