म्हातारी वितळणार नाही

६ एप्रिल, सोमवार
देवपूरहून जावईबापूंचा फोन. (इथून पुढं जा.बा. लिहीन. हात दुखतो.)
"आई, तुमच्या पथकातली ती म्हातारी वितळवून टाका. तिची ताकद बाकीच्यांना मिळेल. आणि लढाई ऑटोवर सोडा, तुम्ही नुसतं बघा."
नुसतं बघायला मी काय तमाशाला आले?
मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात आमच्या टोळीचे नाईक ते. टोळीत सगळे घरचेच. सावद्याच्या अक्काशी माझं रोजचं बोलणं तिथंच होतं. नाईक सांगतील ते लहानथोर बठ्ठ्यांनी करायचं म्हणे. मी नाही करत जा.

८ एप्रिल
माझं पथक. नावं इंग्रजीत, मला वाचता येत नाहीत, म्हणून माझी मीच ठेवली. ढाल्या पुढं. मागं दोघी तलवारवाल्या, त्यांना जावा म्हणते, सारखं एकमेकींच्या पुढं पुढं. तिरंदाज कोपऱ्यात. सगळ्यात मागं म्हातारी. मारायचा जोर नाही. पण पडायला आलेल्याला उभं करते. एका लढाईत एकदाच.
ऑटो काय करतं, कुणाला नुसतं खरचटलं की म्हातारीला कामाला लावतं. मग खरंच कोणी पडायला आलं की ती नुसती काठी धरून उभी. अक्कल नाही मेल्याला.

१२ एप्रिल, रविवार
रविवारची लढाई. हातानं खेळले. जिंकले.
जा.बा. टोळीत लिहितात, आईंना फार वेळ लागतो, बाकीचे ताटकळतात. ताटकळू दे. पोळ्यांचं खापर तापायला पण वेळ लागतो, तेव्हा नाही बोलत कोणी.
मग फोन. "आखाजीला पूनमला घेऊन येतो. समोरासमोर खेळू. हरलात तर म्हातारी वितळवायची, नाहीतर टोळी सोडायची."
या म्हटलं, लेक तरी दिसेल.
हे म्हणाले, "जावयाशी पैज लावतात का वं?"
आखाजीला अख्खं धरणगाव पत्ते कुटतं, तेव्हा कुठं जातात हे?

१९ एप्रिल, आखाजी
अक्षय्य तृतीयेची घागर पुजली. आमरस, खापरावरच्या पोळ्या. जा.बा. ताटावर, डाव्या हातात फोन. मी चुलीपाशी, माझा फोन पाटावर.
त्यांचे दोघं पाडले. माझा ढाल्या पडायला आला. आता म्हातारीची पाळी. बोट उचललं तर,
"आई, पोळी."
जावयाचं ताट रिकामं ठेवता येतं का? उठले. पोळी हातावर फिरवली, खापरावर टाकली, वाढली, वर तूप. येऊन बघते तर माझी चाल झाली नाही म्हणून खेळ आपोआप ऑटोवर गेलेला. म्हातारीचं एकदाचं बळ तिरंदाजाच्या ओरखड्यावर खर्च. ढाल्या गेला. मग बठ्ठे गेले.
"हरलात, आई."
"पोट भरलं का?" मी विचारलं.
पूनम ओढणीत तोंड घालून हसली. जा.बा. नाही हसले. म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, आणा तुमचा फोन, मीच वितळवतो. मी उलथन्यासकट हात आडवा धरला.
"हरलं ते ऑटो. मी तिथं होते कुठं? मी तुम्हाला वाढत होते."
हे उठून अंगणात गेले.

२१ एप्रिल
टोळीतून काढलं. सकाळी उघडलं तर दार बंद. अक्काचं बोलणं पण गेलं त्यात.
लागलं मनाला. पण म्हातारी आहे. काठी धरून उभी.

२२ एप्रिल
पूनम आखाजीपासून माहेरीच शे. तिनंच नवी टोळी उघडून दिली. "नाव काय टाकू, आई?" म्हटलं, खापर. तीही आली नवऱ्याची टोळी सोडून. मी नको म्हटलं होतं. ऐकते का.
अक्काला फोन केला. म्हणते, "मले येवानं शे वं, पण जावई काय म्हणतीन?" मी फोन ठेवला.

२४ एप्रिल, शुक्रवार
जा.बा.चा मेसेज. परवा पूनमला न्यायला येतो. जेवायलाच आहे. दोन टोळ्यांची लढाई पण लावू.
पूनमला म्हटलं, लिही. नको, मीच लिहिते.
"या. आधी पोटभर जेवा. मग ताट उचलणार, चूल विझवणार, आणि खेळायला बसणार. मधी पोळी मागितली तर खापर थंड असेल."
हे म्हणतात, जावयाला असं लिहितात का, खोड ते. पाठवून पण झालं.
दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं.
अक्का अजून जा.बा.च्याच टोळीत. मी परवाच्या पुरणाची डाळ निवडायला घेतली.