दोन पूर्वज जास्तीचे

नवनगर, हुबळी
(तारीख मुद्दामच घालत नाही. घातली तर तुम्ही उशीर मोजाल.)

ती. सदाशिवदादा यांच्या सेवेशी,

वर आधी ‘साष्टांग नमस्कार’ लिहिला होता, मग तो कागदच फाडला. सुतकात नमस्कार करू नये म्हणतात. तुमचं सुतक आता फिटलं, आणि माझं तर माझ्या हिशेबानं तुमच्याही आधी फिटलं, तेव्हा शास्त्राची हरकत काही नाही. हात जोडायला लाज वाटते ही माझी घरगुती अडचण आहे. नमस्कार पोचला असं समजावं. प्रकृती कशी आहे? डोक्याला वस्तरा लागला की सदाला पडसं होतं, असं तुमच्या आई, कृष्णाकाकू, म्हणाल्या होत्या (तुमच्या मुंजीपासूनचा अनुभव सांगत होत्या), तेव्हा कानटोपी घालत असाल अशी आशा करतो. हळद घालून दूध आता कोण देतं? इकडे सर्वांचं क्षेम आहे. ज्यांचं नसायला हवं त्यांचंसुद्धा आहे.

फोन करणार होतो. कितीदा तरी तुमचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. फोनवर तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणाल, आणि समोरच्यानं एकदा ‘असू दे’ म्हटलं की माझ्यासारखा माणूस लगेच असू देतो. म्हणून पत्र. मध्ये मध्ये विनोद केल्यासारखं वाटलं तर रागावू नका. मला लाज वाटायला लागली की तोंडातून असलंच काहीतरी येतं; आमच्या शाळेत वर्गावर कधी बेरीज चुकली, तेव्हाही मी असाच मुलांना हसवत फळा पुसायचो.

मुळापासून सांगतो. निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरानं शिकवण्या घ्याव्यात, नाहीतर धारवाडला मळमड्डीत जाऊन जुन्या सहकाऱ्यांबरोबर मधुमेहाच्या गोळ्यांची तुलना करावी. मला वंशावळीचा नाद लागला. आमच्या घरात पूर्वापार समजूत अशी, की आमचा मूळ पुरुष रामाजी कुठल्याशा मोहिमेबरोबर घोड्यावर बसून धारवाडला आला (घोड्याचा रंगसुद्धा ठरलेला होता, पांढरा). ती सिद्ध करायला मी नाशिकला गेलो, पंचवटीत आपल्या तीर्थोपाध्यायांकडे. त्यांनी ‘बोरगावकर’ म्हटल्यावर मान हलवली. असं आडनाव आमच्याकडे नाही, म्हणाले. मग हसून म्हणाले, गाव सोडलेल्याला गावाचं नाव लागतं. गावात होता तेव्हा काय होता ते सांगा. ते मला कुठं माहीत! शेवटी त्यांनी कृष्णाकाठच्या बोरगावचे कुलकर्णी काढले, आणि त्यांच्या लांबट चोपडीतलं मोडी त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी यात्रेला आले असताना सगळ्या घराची नावं सांगितली होती, आणि शेवटी लिहून घेतलं होतं, ‘धाकटी पाती दक्षिणेस गेली. वर्तमान नाही.’ दादा, ते वर्तमान म्हणजे मी. खिशात परतीचं तिकीट आणि पायात चपला अशा वेषात ते वर्तमान तिथं उभं होतं. मी गोदावरीच्या पायऱ्यांवर बसून चक्क रडलो. (घोड्याचा उल्लेख कुठंही नव्हता.)

त्यानंतर मी बोरगावला तुमच्या दारात कसा उभा राहिलो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही चष्मा शोधत होतात आणि कृष्णाकाकूंनी चष्म्याशिवाय मला ओळखलं. धाकट्या पातीचं नाक, म्हणाल्या. रामाजी मोहिमेवर गेलाच नव्हता, पंगतीत भावजय तूप वाढायला विसरली म्हणून रुसून गेला होता, हे त्यांनी मला सांगितलं ते मी हुबळीत आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. वर काय म्हणाल्या आठवतं? रुसून गेलेल्याला समजवायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही, ही आमच्या घराची चूक झाली, मनात ठेवू नका. नव्वदीपलीकडची बाई, न पाहिलेल्या सासऱ्यांच्या पणज्याच्या वतीनं माझी क्षमा मागत होती, आणि मी उदार चेहरा करून ‘छे छे’ म्हणत होतो! निघताना माझा हात धरून म्हणाल्या, सदा एकटा आहे, आमच्याकडे आता भाऊबंद उरला नाही, माझ्या दहाव्याला घाटावर त्याच्या शेजारी उभं राहणारं आपलं माणूस आलं हे बरं झालं. मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, तुम्ही ऐकलंत.

परत आल्यावर मी तो वंशवृक्ष रंगीत छापून घेतला. एक प्रत लॅमिनेट करून तुम्हाला पाठवली, ती तुम्ही माजघरात लावलीत. इथं धारवाड-हुबळीत मी ओळखीच्या एकाही माणसाला सोडलं नाही. कमरीपेठेत छत्री दुरुस्त करायला गेलो तरी सातव्या पिढीपर्यंत पोचूनच परत यायचो. लोक रस्ता बदलू लागले, तरी मी त्यांना गाठत होतो. अशा दिवसांत वेदश्रीचं लग्न ठरलं. व्याही कोल्हापूरचे, त्यांनाही पहिल्याच भेटीत वंशवृक्ष दाखवला.

आणि लग्न नऊ दिवसांवर आलं असताना तुमच्या शेजारच्या रेखाताईंचा फोन आला, की कृष्णाकाकू पहाटे गेल्या.

दादा, मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण वाईट वाटणं संपायच्या आत माझं डोकं मोजायला लागलं होतं. सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद गेला तर दहा दिवसांचं सुतक. त्यापलीकडे असेल तर तिनावर भागतं. आपला समाईक मूळ पुरुष, रामाजीचा बाप गोपाळपंत, माझ्यापासून सहावा. म्हणजे दहा दिवस, म्हणजे लग्न पुढे, म्हणजे कार्यालय, आचारी, कोल्हापूरची मंडळी, सगळंच पुढे. देवक बसलं असतं तर सुतक आड आलं नसतं. देवक बसायला अजून सात दिवस होते. सौ. मंगला हातातली रुखवताची करंजी तशीच धरून म्हणाली, अहो, हे लोक आहेत हेच आपल्याला ठाऊक नव्हतं तेव्हा किती बरं चाललं होतं. तुम्हीच शोधून आणलेत ना, आता तुम्हीच बघा. वेदश्रीला मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अप्पा, पुढे ढकलू या. म्हणून विचारलं नाही.

मी काय केलं ते आता लिहितो. (इथं पेन ठेवून मी चहा करून आलो. तो निवला तरी हे वाक्य होईना.) मी काँप्युटर उघडला आणि आमच्या फांदीत दोन पूर्वज वाढवले. रामाजीला एक मुलगा दिला, श्रीहरी. हे नाव मी खिडकीतून दिसणाऱ्या किराणा दुकानाच्या पाटीवरून घेतलं. श्रीहरीला मुलगा दिला, त्याचं नाव पुन्हा रामाजी. नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, तेव्हा संशयाला जागा नको. एवढं केल्याबरोबर गोपाळपंत सहावे होते ते आठवे झाले, आणि कृष्णाकाकू आमच्यापासून तेवढ्याच लांब गेल्या. त्याच झटक्यात मी रेखाताईंना फोन करून सांगितलं, की ऐकून फार वाईट वाटलं, पण आमचं नातं तसं लांबचं पडतं. हे मी बोललो. ‘लांबचं पडतं’ असं म्हटलं, जसं काही ते आपण होऊन पडलं होतं.

मग तो कागद घेऊन मळमड्डीत बाळाचार्यांकडे गेलो. ते आमचे उपाध्ये; मूळ वंशवृक्ष त्यांना मी निदान दहा वेळा ऐकवलेला. त्यांनी नवीन कागदावरून बोट फिरवलं, श्रीहरीपंतांपाशी ते जरा थांबलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, “एन्री मास्तर, हे कधी आले?” मी म्हटलं, संशोधन चालू असतं आचार्य, नवीन माहिती मिळाली. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. “आगली बिड्री, असू दे,” म्हणाले, “तीन दिवस पाळा. मी तुम्ही सांगाल तेच मोजणार. खरं-खोटं तुमचं आणि तुमच्या पितरांचं.” असू दे म्हणाले म्हणून मी असू दिलं.

लग्न उत्तम झालं. काहीतरी बिघडेल म्हणून मी सारखा आभाळाकडे बघत होतो, पण जिलेबीसुद्धा बिघडली नाही. एकच गोष्ट झाली. श्रीहरीपंत लोकांना फार आवडले. व्याह्यांना मी नवी प्रत भेट दिली होती. त्यांनी विचारलं, हे श्रीहरीपंत काय करत? नुसते बसून होते असं कसं म्हणणार! मी म्हटलं वैद्यकी करत. मग विहीणबाईंना गुडघ्यांचं काही सांगायचं होतं, तेव्हा वैद्यकी हाडांची ठरली. संध्याकाळपर्यंत श्रीहरीपंत नाडीला हात न लावता नुसत्या चेहऱ्यावरून रोग सांगू लागले, आणि व्याह्यांनी आभाराच्या भाषणात त्यांना वंदन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दादा. त्याच सकाळी तुम्ही घाटावर दहावं करत होतात. मंगला माझ्या शेजारी होती, तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. रात्री घरी आल्यावर एवढंच म्हणाली, तुमच्या त्या श्रीहरीपंतांचं श्राद्ध कधी असतं ते सांगून ठेवा, स्वयंपाकाला बरं पडेल. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

सुतकाची बातमी उशिरा कळली तर शास्त्रात सवलत आहे म्हणतात. ज्याला वेळेवर कळली आणि ज्यानं न कळल्यासारखं केलं, त्याच्यासाठी काय आहे ते बाळाचार्यांना विचारायची हिंमत झाली नाही. कृष्णाकाकूंनी माझा हात धरला होता, दादा. त्यांच्या हाताला तुपाचा वास होता. तुम्ही एकटे उभे राहिलात, ही माझी करणी. क्षमा करा असं म्हणवत नाही. तुम्ही कराल, म्हणून तर म्हणवत नाही.

कळावे. लोभ असावा हे लिहायचा मला अधिकार नाही, तरी सवयीनं लिहितो आहे.

आपला (हे खोडलेलं नाही),
श्रीवत्स

ता. क. – एक लहानसं काम होतं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. वेदश्री बँकेत आहे, तिला आकड्यांची खोड आहे (माझीच). परवा तिचा सासरहून फोन आला, अप्पा, या नवीन कागदावर दुसरे रामाजी आजोबा वयाच्या नवव्या वर्षी बाप झालेले दिसतात, हे कसं? मी म्हटलं, तेव्हा लग्नं लवकर होत. ती म्हणाली, येत्या रविवारी आम्ही दोघं बोरगावला सदाकाकांना भेटायला जाणार आहोत, तिथल्या भिंतीवरचा मूळ कागद बघून येते. दादा, तेवढा तो वंशवृक्ष रविवारपुरता भिंतीवरून उतरवून ठेवता आला तर बघा. उंदरांनी खाल्ला म्हणून सांगा. माळ्यावर टाकलात तरी चालेल.

ता. क. २ – पत्र पाकिटात घातलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. आता रेखाताईंचा फोन आला होता. रविवारी जावईबापू येणार, त्यांना तिखट चालतं का, हे विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, तुम्हाला कळवलं म्हणून दादा मला केवढे रागावले! काकू गेल्याबरोबर तुम्ही आळीत प्रत्येकाला बजावलं होतंत म्हणे, हुबळीला कुणी कळवायचं नाही, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू देत. ऐकलंच नाही तर सुतक लागत नाही. रेखाताई शेतावरून परस्पर आल्या आणि त्यांनी घाईनं मला फोन लावला. आणि दहाव्याला गुरुजींनी विचारलं, भाऊबंद कोणी नाहीत का, तेव्हा तुम्ही म्हणालात, आहेत, धाकट्या पातीचे, पण लग्नघर आहे, मीच नको म्हटलं.

मला कळलं होतं, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. रेखाताईंनी मी काय म्हणालो तेही तुम्हाला सांगितलं होतं.

वंशवृक्ष काढू नका. आहे तिथंच असू दे. वेदश्रीला मी आजच सांगायचं ठरवलं आहे, पण मी माझी ठरवलेली कामं ओळखून आहे. नाही सांगितलं तर रविवारी ती भिंतीसमोर उभी राहील आणि बोटानं एकेक पिढी मोजायला लागेल. तेव्हा तुम्ही काहीतरी निमित्त काढून तिला चहाला बोलवाल. बोलवू नका. तिला शेवटपर्यंत मोजू द्या.